फुकटची भाजी

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे भुकेचे महिने येतात ते ऐन पावसाळ्यात. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटतं. उपासमार म्हटली की आपल्याला भेगाळलेली जमीन आणि हाडं निघालेली गुरं दिसतात. इथे डोंगर हिरवेगार असतात, ओहोळ फेसाळत असतात आणि घरातली कणगी रिकामी असते. गेल्या हंगामातली नागली-वरई उन्हाळ्यापर्यंत कशीबशी पुरते. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या पावसाच्या तोंडावर बंद होतात, माणसं पाड्यावर परततात, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटल्यावर हातात जे उरलं असेल त्यावर आवणीपर्यंत, म्हणजे भातलावणीपर्यंत, तगायचं असतं. वर्षातलं सगळ्यात कंबरमोड काम याच दिवसांत. नवं पीक हाती येईपर्यंत आषाढ आणि श्रावण, दोन्ही महिने काढायचे कशावर? रेशनच्या तांदळावर, आणि रानावर.

रानाचं स्वतःचं एक पंचांग आहे. पहिला मान शेवळाचा. वळवाचे दोन-चार शिडकावे पडले की झाडांच्या सावलीत जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येतात, अजून पाऊस लागलेलाही नसतो. मग टाकळा, फोडशी, कोरळाची कोवळी पानं. फोडशीला कुणी कुलू म्हणतं. त्या मागून दिंड्याचे कोंब, भारंगी, कुर्डू, बांबूचे वास्ते. श्रावणात कंटोळी, त्याच सुमारास कधी तरी अळंबी, आणि पुढे चाईच्या वेलाचा मोहर. प्रत्येकाची मुदत ठरलेली. टाकळा जमिनीलगत चार-सहा पानांचा असताना खुडायचा, फुलावर आला की तो उग्र लागतो. कुर्डूला तुरा दिसला की त्याच्याकडे पाठ फिरवायची. आठवड्या-पंधरवड्यात एकीचा हंगाम सरतो आणि दुसरी तयार होते. पहिली भाजी आधी देवाला, मग चुलीवर, ही रीत बऱ्याच पाड्यांवर आजही पाळली जाते. त्यामागे श्रद्धा आहेच, पण मला तरी त्यात एक व्यवहारही दिसतो. देवाला दाखवेपर्यंत कुणी खुडायचं नाही म्हटलं, की कोंबाला वाढायला चार दिवस मिळतात.

माझी एक मैत्रीण जव्हारच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवायची, त्यामुळे पावसाळ्यात तिकडे जाणं व्हायचं. शाळेजवळच्या पाड्यावरच्या एका काकींबरोबर आम्ही भाजीला जायचो. जायचो म्हणजे त्या पुढे आणि आम्ही दोघी धापा टाकत मागे. त्यांचे हात सतत चालू असत, बोलणं मोजकं. एका उतारावर फोडशीसारखीच हिरवी, लांबट, लुसलुशीत पानं दिसली म्हणून मी वाकले, तर मागे न बघताच म्हणाल्या, "ताई, ते नको." कळलावी होती. पानाचं टोक तारेसारखं वळलेलं, एवढीच काय ती खूण. पुढे तिला जी लाल-पिवळी फुलं येतात ती बघून लोक फोटो काढतात. कंद मात्र माणूस मारू शकतो. फोडशी आणि कळलावी एकाच पावसात, एकाच उतारावर उगवतात. हे ज्ञान पुस्तकात चित्र बघून येत नाही. आईच्या मागे टोपली घेऊन फिरलेल्या मुलीला ते येतं, आणि ती मुलगी जूनपासून मार्चपर्यंत वसतिगृहात राहिली तर येत नाही.

ओळखण्याइतकंच शिजवणंही कठीण. शेवळाचा आतला दाणेदार भाग काढला नाही, किंवा सोबत काकडाची आंबट फळं घातली नाहीत, तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते आंबटानं आणि शिजवण्यानं निवतात. वास्ते किसून रात्रभर पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी फेकायचं. भारंगीचा पाला उकळून घट्ट पिळायचा, मग भिजवलेले वाल नाही तर चणाडाळ घालून परतायचा, तेव्हा कडूपणा जिभेला सोसवतो. आणि कडूकंदाची तर शिक्षाच. उकरायला अर्धा दिवस, मग चकत्या, मग राख घालून उकळणं, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात. इतकं करून सकाळी जे हाताला लागतं ते पोट भरतं. चवीबद्दल काकी म्हणाल्या, "चव कोण बघतंय!" हसल्या मात्र खूप.

या भाज्यांना आपण फुकटच्या म्हणतो. रानात जाण्या-येण्याचे तास, निवडण्याचा वेळ, दोनदा उकळायला लागणारं सरपण आणि पाणी, हे सगळं बाईच्या अंगावर असतं, आणि बाईच्या वेळेला भाव नसतो म्हणून भाजी फुकट.

आता सासूबाईंबद्दल. त्या बीड जिल्ह्यातल्या. आमच्या कल्याणच्या घरी पहिल्यांदा मी टाकळ्याची भाजी केली तेव्हा त्यांनी ताट पुढे सरकवलं. "हा तर तरोटा," म्हणाल्या. "भुकंला खाल्लेला पाला हाय ह्यो. आता कशाला?" पुढे त्यांनी माझ्या हातचं सगळं खाल्लं, मासळीसुद्धा, पण टाकळा कधी नाही. 1972 साली त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या न थापल्या जाणाऱ्या भाकरी, कामावर मुलांना मिळणारी सुकडी, हे त्या सांगायच्या आणि सांगताना त्यांना चक्क हसू यायचं. मिलो म्हणजे सगळ्या गावानं मिळून सोसलेली गोष्ट होती, तिच्यावर विनोद झाले होते. बरबडा नावाच्या तणाचं बी झाडून, दळून त्याची भाकरी करणं किंवा उकडलेला पाला मीठ लावून खाणं हे मात्र प्रत्येकानं दार लावून केलेलं होतं. ते त्या सांगत नसत. एवढंच म्हणायच्या, की लोक पाला खातात हे पाहुण्यांना कळू देत नव्हते.

टाकळ्याच्या त्या ताटाचा मी बराच विचार केला आहे. कल्याणच्या बाजारात टाकळा घेताना मला जो आनंद होतो त्याचं कारण हे, की मला तो नाही घेतला तरी चालतं. माझ्या पिशवीत फ्लॉवरही असतो. ज्यांनी निवड नसताना हा पाला खाल्ला त्यांच्या तोंडात त्याची चव वेगळीच बसलेली आहे, आणि पौष्टिकतेचा तक्ता दाखवून ती बदलत नाही. खेड्यापाड्यांत, आदिवासी भागांतही, जरा बरे दिवस आले की पहिली जाते ती नागली आणि दुसरी रानभाजी. ताटात पांढरा भात आणि बटाटा येतो. त्यांना कुणी अडाणी म्हणू नये. गरिबी मागे सोडल्याची ती सगळ्यात स्वस्त पावती आहे.

गरिबांच्या ताटातल्या पाल्याकडे सरकारचं लक्ष पूर्वीही गेलेलं आहे. 1876 ते 78चा मोठा दुष्काळ, मग 1896-97, मग लगेच 1899-1900. मुंबई इलाख्यानं पंचवीस वर्षांत तीन भीषण दुष्काळ पाहिले. त्यानंतर 1902मध्ये गॅमी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं दुष्काळात लोक कोणकोणत्या वनस्पती खातात याची टिपणं प्रसिद्ध केली. शास्त्र म्हणून मोलाचंच काम. पण अशा यादीची मला थोडी भीतीही वाटते. लोक काय खाऊन तगतात हे एकदा लिहून ठेवलं, की त्यांना रान आहे की, असं म्हणायला कुणी तरी मोकळं होतं. 1972ला महाराष्ट्रात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. त्याचं श्रेय बरबड्याला देता येणार नाही. ते गावोगाव काढलेल्या कामांना आहे, रोजंदारीला आहे, उशिरा का होईना पोचलेल्या धान्याला आहे. मे 1973मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे 1977मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला तो याच अनुभवातून. पाला त्या मजुरीच्या जोडीला होता. मजुरीच्या जागी तो असता तर सासूबाई मला हे सांगायला उरल्या नसत्या.

म्हणून रानभाज्यांनी कुपोषण संपेल असं कुणी म्हटलं की मी जरा सावरून बसते. 1992मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, सगळा महाराष्ट्र हादरला. तेव्हा रान आजच्यापेक्षा दाट होतं आणि भाजी ओळखणाऱ्या बायाही जास्त होत्या. पाल्यात उष्मांक फार थोडे. दीड वर्षाच्या मुलाचं पोट वाटीएवढं, ते पाल्यानं भरलं तर त्याला वाढायला लागणारी ताकद येणार कुठून? त्याला धान्य लागतं, डाळ लागते, तेल लागतं, अंडं मिळालं तर उत्तमच.

पण उलट बाजूही तितकीच खरी. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिलं, अंत्योदयच्या कुटुंबाला पस्तीस किलो. कायदा फार मोठा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त त्यानं मोजलं ते धान्य. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली निघाली आणि 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. तांदूळ पोचला तरी हे आकडे हलत नाहीत, कारण नुसत्या पांढऱ्या भातात लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. ते पाल्यात असतं. आणि पाल्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला ताटात थोडं तेल लागतं, लोह अंगी लागायला लिंबासारखं काही आंबट लागतं. म्हणजे भात, पाला, डाळ, तेल ही सगळी एकमेकांवर टेकून उभी आहेत. एक काढलं की बाकीची नुसती ताटात असतात.

जुन्या माणसांकडे या तेलाचीही सोय होती. मोह. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. गोड, रसाळ फुलं. वाळवून ठेवली की वर्षभर टिकतात. उकडून, चिंचोक्यांबरोबर शिजवून, नागलीच्या पिठात घालून खातात. पावसाच्या तोंडावर फळं पिकतात, त्यांतल्या बियांचं तेल. एकच झाड साखरही देतं आणि चरबीही. पाल्याला जे जमत नाही ते नेमकं मोह करतो. आणि आपल्या राज्यकर्त्यांनी त्याच्याकडे कशा नजरेनं पाहिलं? 1892मध्ये मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर खास कायदा केला. लोक फुलांची दारू गाळतात आणि सरकारचा अबकारी बुडतो, म्हणून फुलं बाळगण्यावरच बंधनं. आदिवासींच्या कणगीतलं अन्न त्या दिवसापासून गुन्ह्याचा माल झालं. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलं राहिली, आणि राज्य सरकारनं निर्बंध सैल केले ते 2021मध्ये. मधल्या काळात जेवढी मोहाची झाडं तुटली, तेवढी घरं बाजारातल्या तेलावर आली.

"रानभाजी" म्हटलं की डोळ्यांपुढे घनदाट जंगल येतं, पण यातल्या बऱ्याच भाज्या जंगलात येतच नाहीत. टाकळा, कुर्डू, तांदुळजा, पाथरी, घोळ ही सगळी माणसाच्या शेजारानं राहणारी. पडीक, बांध, उकिरडा, नांगरलेलं रान. शेतकरी त्यांना तण म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. माझ्या सासरच्या गावी ज्वारी-तुरीत खुरपणीला गेलेल्या बायका संध्याकाळी परतताना ओटीत भाजी घेऊन यायच्या. पाथरी, तांदुळजा, चिघळ. मालक अडवत नसे, अडवेल कशाला, त्याचं तणच निघत होतं. म्हणजे खुरपणीच्या दिवसाला मजुरी मिळायची आणि वर रात्रीची भाजी. आता तिथे सोयाबीन आहे आणि तणनाशक आहे. जाऊबाई म्हणतात, "बायका लावायचं परवडतंय कुणाला? पंप मारला की आठ दिसांत रान साफ." त्यांचंही खोटं नाही, खुरपणीची मजुरी, बायका वेळेवर न मिळणं, पाऊस तोंडावर. विदर्भात तर तणनाशक सोसणारं कपाशीचं बियाणं परवानगी नसताना गावोगाव पोचलं. पण हिशेब कुठे मांडला जात नाही तो हा: एका फवारणीत भूमिहीन बाईचा रोज गेला, तिची भाजी गेली, आणि बांधावर जी चार रोपं उरली ती औषध उडालेली म्हणून खायची चोरी. कृषी खात्याच्या कुठल्या तक्त्यात हे नुकसान कुणाच्या नावावर टाकणार? मालकाच्या पिकाचं काही बिघडलेलं नसतं.

जाता जाता, ज्या जागा मोकळ्या झाल्या त्या कुणी घेतल्या तेही बघण्यासारखं आहे. गाजर गवत पुण्यात 1950च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. आज गावाकडच्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना तेच. माणसाला त्याची खाज, जनावर तोंड लावत नाही. भूक भागवायला आणलेल्या धान्यासोबत आपल्या बांधावरची भाजी हुसकून लावणारं गवत यावं, हे कुणाच्या कल्पनेतही आलं नसतं.

कल्याण स्टेशनाबाहेर पावसाळ्यात भल्या सकाळी आटगाव-कसाऱ्याकडून लोकलनं आलेल्या बाया बसतात. पानांवर वाटे मांडलेले, फोडशीच्या जुड्या, कंटोळी, कधी अळंबी. शेवळाच्या मोसमात आमच्या सोसायटीतल्या सीकेपी काकू पहाटे उठून जातात. कोळंबी घातलेली शेवळं हा त्यांच्याकडचा वर्षाचा मान आहे आणि पाठारे प्रभूंकडेही तसंच. म्हणजे ही भाजी फक्त गरिबाची असं कधीच नव्हतं. अलीकडे मात्र गिऱ्हाईक वाढलं आहे. 9 ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, कृषी खातं भरवतं. मंडप, फलक, पाककृतींच्या स्पर्धा. विक्री करणाऱ्या बायांना चार पैसे मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. ज्या मंडळींना हा सगळा दिखावा वाटतो त्यांनी एकदा त्या बाईच्या जागी बसून पावसात पाटी विकून बघावी.

पण पाटी बाजारात गेली की घरात काय शिजतं, हे विचारावंच लागतं. मी विचारलंही. कंटोळी विकणारी एक जण म्हणाली, "आम्ही कुठली खातो? भाव बघा ना!" कंटोळी विकायची आणि परतताना बटाटे घ्यायचे, पोरांना कुरकुरीत पाकिटं. तिचा हिशेब चुकीचा नाही. कंटोळ्यांच्या एका पाटीत आठवड्याचं किराणा येतं. मात्र भाजीतलं जे काही मोलाचं होतं ते लोकलनं माझ्या ताटात आलं आणि तिच्या घरी पैसा गेला, ज्याचा बटाटा झाला. मला डॉक्टरांनी पालेभाज्या वाढवायला सांगितल्या आहेत, तिला अंगणवाडीताईंनी. एकाच भाजीवर दोघींचा डोळा, आणि पैसे माझ्याकडे जास्त.

मागणी वाढली की रानावरही ताण येतो. पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं, मुळं उपटली की संपलं. फोडशीच्या कुळातल्या ज्या जातीला सफेद मुसळी म्हणतात, जिच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, तिची मुळं औषधाच्या व्यापारासाठी इतकी उकरली गेली की काही डोंगरांवर भाजीपुरतीही उरली नाही. मग लागवड करा, असा सल्ला येतो. करावी की. पण कंटोळीचंच घ्या: नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, बी लावलं तर कोणता उगवला हे फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणून लोक मादीचे कंद राखून ठेवतात आणि मध्ये मध्ये एखादा नर. ज्याच्याकडे जमीन आणि पाणी आहे तो हे करेल आणि कमवेल. ज्या काकींकडे दोन गुंठे वरकस, उताराची हलकी जमीन आहे त्यांची कंटोळी मात्र पुन्हा बाजारात स्वस्त होईल.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, त्याचं कारण हेच. त्यांचं काम मुख्यतः परसातल्या आणि शेतातल्या गावठी वाणांचं: वाल, घेवडे, भात. त्यांनी बियाणं लोकांच्या घराघरांत ठेवलं. रानभाजीला असं मडक्यात ठेवता येत नाही. तिचं बियाणं म्हणजे तो उतार, तो बांध, आणि तिथे पाय ठेवायची मुभा. 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातल्या बाकी मालावर, गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं 2009मध्ये तो मिळवून दाखवला. कागदावर भाजीही त्यातच येते. पण दावे दाखल होतात ते बांबूसाठी, तेंदूपानासाठी, ज्याची पावती फाटते त्या मालासाठी. टाकळ्यासाठी ग्रामसभा बसलेली मी ऐकलेली नाही.

पावतीवरून मैत्रिणीच्या आश्रमशाळेतली गोष्ट सांगते. शाळेच्या स्वयंपाकघराला भाजी ठेक्यातून यायची. जुलै-ऑगस्टात ती काय यायची? बटाटे, भोपळा, कोबी. ते सुद्धा घाट बंद झाला की नाही. शाळेच्या कुंपणाबाहेर टाकळा गुडघ्याएवढा वाढलेला. मुलींच्या हिमोग्लोबिनच्या तपासण्या व्हायच्या, लोहाच्या गोळ्या यायच्या, मुली त्या खिडकीतून टाकायच्या. मैत्रिणीनं एकदा बैठकीत सुचवलं, की पाड्यावरच्या बायांकडून आठवड्यातून दोनदा भाजी घेऊ या, त्यांना पैसे मिळतील, मुलींना भाजी मिळेल, आणि ती ओळखायची कशी हेही मुलींना त्या बायाच शिकवतील. कल्पना सगळ्यांना आवडली. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मग हिशेबाचा कागद निघाला. भाजीच्या यादीत पालक होता, मेथी होती, जी तिथे पावसाळ्यात दिसतही नाही. टाकळा नव्हता. बायांकडे बिलबुक नव्हतं. बाजारभाव कुठून लावायचा, कारण बाजार समितीच्या भावफलकावर ही भाजी नाही. शिवाय एखादीला पोट दुखलं तर जबाबदार कोण? हा शेवटचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. कळलावी मी स्वतः पाहिलेली आहे. पण त्यावर उपाय असू शकतो. पाड्यानं चार जाणत्या बाया नेमायच्या, आणि भाज्याही चारच ठरवायच्या, ज्यांत चूक होणं कठीण. टाकळा, कुर्डू, तांदुळजा, शेवगा. तेवढ्यानंही आषाढ निघतो.

ते काही झालं नाही. मैत्रिणीची बदली झाली. मी मध्ये एकदा तिकडे गेले तेव्हा शाळेत डोकावले. स्वयंपाकीणबाई त्याच पाड्यावरच्या, आमच्या काकींची पुतणी. रविवारी मुलींना घेऊन स्वतःच टाकळा खुडून आणतात आणि डाळीत घालतात. नोंदवहीत लिहितात नुसती डाळ. मी म्हटलं, अहो, लिहा की खरं, वरिष्ठांना कळू दे. त्यांनी पळी डाळीत फिरवत माझ्याकडे पाहिलं.

"लिहिते की. रकाना दाखवा कुठला तो. आणि ताई, लिहिलं तर पुढल्या महिन्यात ठेकेदाराच्या गाडीतनं येईल टाकळा. तीन दिवसांचा, पिवळा पडलेला."